वास नाही म्हणजे पास

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाडीला रंग मारावा तर मीच! हे मी म्हणत नाही, गाड्या म्हणतात. चेपलेलं दार एकदा माझ्या हाताखालून गेलं की गाडी कुठे ठोकली होती हे ठोकणाऱ्यालाही सापडत नाही. शेडमध्ये सगळे मला उस्ताद म्हणतात ते काही उगीच नाही. पण माझी खरी कमाल हातात नाही, नाकात आहे. नवीन माणूस आमच्याकडे आला की थिनरच्या वासाने त्याच्या डोळ्यांना धारा लागतात, डोकं धरून तो बाहेर पळतो. मी मात्र दिवसभर त्या धुक्यात स्प्रेगन चालवतो आणि मला काही म्हणता काही होत नाही. सुरुवातीला व्हायचं. मग नाक तयार झालं. आमच्या धंद्यात यालाच अनुभव म्हणतात.

मास्कबिस्क आपल्याला माहीत नाही. तोंडाला रुमाल बांधला की झालं, आणि तोही कशाला, तर मिशा पांढऱ्या गाडीबरोबर पांढऱ्या होऊ नयेत म्हणून.

तर झालं असं, की मालकांनी शेडच्या मागे रंगासाठी नवीन बंद खोली बांधली. लखलखीत दिवे, वरून स्वच्छ हवा, खालून उडालेला रंग खेचून घेणारे पंखे. लग्नाच्या हॉललाही एवढा थाट नसतो! एका विमा कंपनीच्या गाड्या आमच्याकडे येणार होत्या आणि त्या कंपनीने अट घातली होती. खोलीत गन धरायची तर फिल्टरवाला मास्क लावूनच, आणि तो मास्क तोंडावर घट्ट बसतो की नाही याची परीक्षा पास झाल्यावरच. जो नापास, तो बाहेर. बाहेर म्हणजे काय, तर पुट्टी घासत बसायचं. मी! पुट्टी! गन हातातून गेली तर मग माझ्यात उरतं काय?

त्यात निरोप आला की दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. लग्नापासून राखलेली दाढी मी त्याच संध्याकाळी उतरवली. घरी गेलो तर बायकोने दार अर्धंच उघडलं, "ते घरी नाहीत" म्हणाली आणि लावून घेतलं. बाहेरून सासऱ्यांचं नाव, सासूबाईंचं दुखणं, सगळं सांगितलं तेव्हा कुठे कडी निघाली. जेवताना ती माझ्याकडे बघायची, दचकायची आणि पुन्हा ताटात बघायची. पण गनसाठी माणूस काय वाट्टेल ते करतो.

परीक्षा कशी असते ते मी पलीकडच्या गल्लीतल्या एका रंगाऱ्याकडून काढून घेतलं. सोपी होती. समोर कसलातरी वास सोडतात. मास्कमधून वास आला तर मास्क गळका, म्हणजे नापास. नाही आला तर पास. बस! मी लगेच चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं. पत्रा ठोकणारा पहिलवान, पॉलिशवाले काका आणि पुट्टी घासणारे दोघे भाऊ. म्हटलं, उद्या तपासायला मॅडम येणार आहेत, त्या काहीही विचारू देत, आपलं उत्तर एकच, वास येत नाही. पहिलवान शरीराने दांडगा, पण मनाने भोळा. त्याने विचारलं, आणि आला तर? मी म्हटलं, आला तरी नाही. तुला काय जन्मभर पुट्टी घासायची आहे? यावर दोघे भाऊ रुसले, त्यांना वेगळा चहा पाजावा लागला.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या मॅडम आल्या. ऑफिसच्या खोलीत टेबलावर त्यांनी दोन झाकणबंद बरण्या मांडल्या. पहिला नंबर अर्थातच माझा. मास्क बाजूलाच पडला होता. मॅडमनी एकेक बरणी हलवली, झाकण उघडलं, नाकाखाली धरली आणि विचारलं, यातल्या कुठल्या बरणीला वास येतोय?

"कुठल्याच नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.

त्यांनी पुन्हा हुंगायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, असा पक्का माणूस त्यांनी आजवर बघितला नसेल. बाहेर येऊन मी सगळ्यांना डोळा मारला.

पहिलवान आत गेला, वास नाही म्हणाला. काका गेले, वास नाही. दोघे भाऊ एकापाठोपाठ एक, वास नाही! मी बाहेर उभा राहून मिशीला पीळ देत होतो, तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. आधी त्यांनी कंप्रेसर बंद करायला लावला. मग आम्हा सगळ्यांना अंगणात मोकळ्या हवेत बसवलं. मग डॉक्टरांना फोन, मग मालकांना फोन. मालक धापा टाकत आले तेव्हा मॅडमनी सरळच सांगितलं, "या शेडमधल्या एकाही माणसाचं नाक शाबूत नाही. काम आत्तापासून बंद."

मालक मटकन टायरवर बसले. विमा कंपनी, गाड्या, नवी खोली, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं मला दिसलं.

मी पुढे झालो आणि मॅडमना समजावून सांगितलं की वास आला नाही म्हणजे पास. तेव्हा मॅडमनी मला समजावून सांगितलं. ती मास्कची परीक्षा होतीच कुठे? मास्क अजून कोणी लावलाच नव्हता. आधी उघड्या नाकाला वास येतो का ते बघतात, कारण मास्कचा फिल्टर संपला की ते पहिल्यांदा नाकालाच कळतं. नाक मेलेलं असेल तर माणूस रंग छातीत भरत राहतो आणि मास्क लावलाय म्हणून निवांत असतो. त्यातून रंगात मिसळायच्या हार्डनरमधलं विष एकदा छातीत बसलं की जन्माचा दमा लावतं.

मालकांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि चार बोटं माझ्याकडे वळली.

"वास येत होता, मालक," पहिलवान रडवेला होऊन म्हणाला. "पिकलेल्या केळ्याचा. उस्ताद म्हणाले, आला तरी नाही म्हणा."

काका म्हणाले, एका बरणीत केळं, दुसरीत काहीच नाही. धाकटा भाऊ म्हणाला की त्याला तर भूक लागली होती. मग मालकांनी माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. माझे पूर्वजही त्यातून सुटले नाहीत. मॅडमनी सगळ्यांना पुन्हा आत घेतलं आणि चौघांनी एका झटक्यात बरोबर बरणी दाखवली. मालकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला म्हणाले, आता तूही जा, आणि नाटकं न करता खरं सांग.

मी हसत हसत उठलो आणि दारापर्यंत जाता जाता माझं हसू गेलं. कारण मघाशी बाकीचे खोटं बोलले होते. मी नव्हतो बोललो.

बरण्या पुन्हा समोर आल्या. पहिली हुंगली. दुसरी हुंगली. एवढा जोरात श्वास ओढला की बरणीच नाकात जायची! केळं नाही, साल नाही, काहीच नाही. खरंच सांगतो, मी घाबरलो. माझं तयार झालेलं नाक! दारात सगळे उभे होते आणि मला फक्त गन दिसत होती. दोनातली एक तर बरोबर असणार. मी डोळे मिटून उजवीकडची बरणी जवळ ओढली.

"वा! काय घमघमाट आहे! पिकलेली केळी, सालीवर काळे ठिपके आलेली!"

मॅडमनी त्या बरणीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, "उस्ताद, त्यात पाणी आहे."

मला वाटलं, आता सगळे खो खो हसतील. कोणीच हसलं नाही. पहिलवानाने तर मान खाली घातली. ते हसले असते तर बरं झालं असतं.

फक्त मालकांना ते खरं वाटेना. माझ्याआधी या शेडचे रंगारी तेच होते, गन धरायला मला त्यांनीच शिकवलं. हा पुन्हा नाटक करतोय म्हणून ते तरातरा आत आले, डावीकडची बरणी उचलली, झाकण काढून माझ्या नाकाखाली कोंबली. एवढा वास येतोय आणि तुला कळत नाही, म्हणून ओरडले, आणि मला दाखवण्यासाठी स्वतःच भला मोठा श्वास घेतला.

मग थांबले. पुन्हा एकदा हुंगलं. बरणी हलवून हुंगलं.

"मॅडम," अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाण्याची बरणी ही ना?"

मॅडमनी मान हलवली. नाही.

हल्ली दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो. छाती भरून श्वास घ्यायला लावतात, नळीत फुंकायला लावतात. डॉक्टर म्हणतात, रंगापासून लांब राहिलात तर वास थोडाफार परत येईलही, खात्री नाही. गन पहिलवानाकडे गेली आणि मी काउंटरवर बसतो. आता खोलीत मास्कशिवाय कोणी डोकावलं तरी मालक अंगावर धावून जातात.

घरी सगळं सांगितलं. बायकोने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "एवढी वर्षं घरात पाऊल टाकल्या टाकल्या 'वा, काय वास सुटलाय स्वयंपाकाचा' म्हणायचात, ते काय होतं?"

मी म्हटलं, ते प्रेम होतं.

तिने ताट वाढलं खरं, पण पटलेलं काही दिसत नाही.