तनयच्या साखरेची चौकशी

बंगलोरमधल्या जे. पी. नगरच्या मराठी मंडळात सभेचं कामकाज आटोपल्याशिवाय पानं वाढत नाहीत. जेवलेला सभासद ठरावाला थांबत नाही, हा अध्यक्ष त्रिविक्रमरावांचा जुना अनुभव. १९९४ सालच्या त्या रविवारी विषय गंभीर होता. पुण्याहून आलेल्या आसावरी आणि अवधूतच्या चार वर्षांच्या तनयला मधुमेह झाला होता. रोज इन्शुलिनची सुई. एवढ्याशा पोराला एवढा रोग म्हणजे कुणाची तरी चूक असणारच, आणि चूक आहे तिथे समिती नेमावीच लागते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यात कुणाचाच दोष नाही. हे उत्तर त्रिविक्रमरावांना बेजबाबदार वाटलं. सुदैवाने त्यांनी पेपरात वाचलं होतं की, तान्ह्या बाळाला गाईचं दूध लवकर सुरू केल्याने हा आजार होत असावा, असा परदेशातल्या काही संशोधकांना संशय आहे. सिद्ध मात्र काही झालेलं नाही. बातमीचा हा शेवटचा भाग त्यांनी वेळेअभावी वगळला आणि उरलेली सभेपुढे ठेवली.

“किती महिने अंगावर पाजलंस गे अम्मा?” त्यांनी मायेने विचारलं.

आसावरीचं लक्ष घड्याळाकडे होतं. “अण्णा, जेवण साडेबाराला म्हणाला होतात. त्या हिशेबाने मी त्याला इंजेक्शन दिलंय. त्याला आता खायला हवं.”

“सरी, सरी, कळलं. स्वल्प थांब. तू उत्तर दे, की लगेच पानं.”

“ती काय सांगणार?” तिच्या शेजारच्या विमलाक्का म्हणाल्या. “बाळ पाळण्यात, ही नोकरीला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये!”

त्या काळात तनयला विमलाक्काच सांभाळत आणि गाईचं दूधही त्याच पाजत. परंतु चौकशी मातेपुरती असल्याने हा मुद्दा कार्यकक्षेबाहेर ठरला. अवधूतची साक्ष काढण्याचं कारणच नव्हतं. तो बाप होता.

एव्हाना तनयला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. त्रिविक्रमरावांनी तत्परतेने पंखा वाढवायला सांगितला. आसावरीने मात्र पर्समधून साखरेची पुडी काढली.

सभेत हलकल्लोळ झाला. “साखर? मधुमेहाच्या पोराला?” विमलाक्कांनी तिचा हात धरला.

“हात सोडा! साखर उतरलीय त्याची, जाईल तो!” आसावरी किंचाळली. हात हिसडून तिने साखर पोराच्या तोंडात घातली, पाणी पाजलं आणि त्याला छातीशी धरून बसली.

त्याचे पांढरे पडलेले ओठ पाहून त्रिविक्रमरावही घाबरले. खरोखर घाबरले. ठराव, सभा, मंडळ, सगळं क्षणभर विसरले. मग तनय हळूच म्हणाला, “आई, भात.” भीती ओसरली आणि अध्यक्षपद जागेवर आलं.

आसावरी त्याला उचलून थेट स्वयंपाकघरात गेली आणि पातेल्यातलाच भात भरवू लागली. या शिस्तभंगाची नोंद घेण्यात आली. मातेने मधुमेही बालकास सभेसमक्ष साखर चारली, सबब दोष सिद्ध, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अवधूतनेही हात वर केला. सगळ्यांचेच वर होते. मग श्रीखंडाचं जेवण झालं.

तिने पाजलं किती महिने, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. आपणही इथवर त्याच उत्तराची वाट पाहत आला असाल, तर मंडळाशी संपर्क साधावा. समितीत एक जागा रिकामी आहे.