पिलाटिसच्या रुळांना तेल

यंत्र कुठलंही असो, मी नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगतो! उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दाराला कान लावायचो आणि म्हणायचो, "डावी बाजू कोरडी पडलीय." तेल दिलं की लिफ्ट गप्प!

माझ्या स्वतःच्या यंत्राचं मात्र मला काही कळलं नाही. आमची ही वारली, तेव्हापासून मी घरात एकटाच. एकदा सिंकखालचा पाइप बघायला खाली बसलो आणि उठताच येईना! ओट्याला धरलं, हात सुटला. डब्याला धरलं, तो अंगावर आला. मुलगी आली तेव्हा मी पिठात घोळलेला, भिंतीला टेकून बसलो होतो.

"बाबा, पुरे झालं! आता तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं."

"अगं, मी सहज बसलोय."

"पिठात?"

पण मी कुठे जाणार? हिचा चष्मा अजून टीव्हीजवळ आहे. मी हटून बसलो. तसाही बसलेलाच होतो. शेवटी तह झाला. मी पिलाटिस नावाच्या यंत्रावरच्या व्यायामाच्या क्लासला जायचं आणि कशालाही न धरता जमिनीवरून उठून दाखवायचं. उठलो तर आपल्या घरात राहायचं, नाही उठलो तर मुकाट्याने तिच्याकडे जायचं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. बोलणं मधाचं, वागणं फौजदाराचं.

"काका, बेंबी पाठीच्या मणक्याकडे ओढा."

"मॅडम, मधे बराच ऐवज आहे."

"असू दे, ओढा! आणि श्वास बरगड्यांत घ्या."

शेजारच्या यंत्रावर एक निवृत्त हेडबाई असायच्या. त्यांची नजर स्वतःच्या पायांपेक्षा माझ्या पायांवर जास्त.

"अहो लिफ्टवाले, डावा पाय म्हणाल्या त्या. डावा! माझ्या वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं."

"बाकावर चढता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

हे यंत्र म्हणजे स्प्रिंगा लावलेली खाटच. आडवं पडून पायांनी रेटा द्यायचा, की आपल्याखालची गादी रुळांवरून मागे जाते. पाय सैल केले की स्प्रिंग तिला परत ओढते. व्यायाम बरा होता. पण ते रूळ ओरडायचे! कुईं... कुईं... बाकीचे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत, माझं सगळं लक्ष कुईंकडे. असा आवाज ऐकून गप्प पडून राहणं म्हणजे डॉक्टरने पेशंटसमोर झोपा काढणं!

परीक्षेच्या दिवशी मुलगी बघायला येणार होती. तिच्यासमोर कुईं नको, म्हणून मी मुद्दाम लवकर गेलो. मॅडम आत चहा पीत होत्या. मी खिशातून तेलाची कुपी काढली आणि सगळ्या यंत्रांच्या रुळांना लिफ्टला देतात तसं सढळ हाताने तेल दिलं. लिफ्टचे रूळ मजल्यांवर मजले चढतात आणि हे जेमतेम खाटेएवढे, हे डोक्यातच आलं नाही. जास्तीचं तेल गुपचूप जमिनीवर उतरलं.

क्लास सुरू झाला. हेडबाईंनी नेहमीसारखा रेटा दिला. आवाज नाही! मी ऐटीत दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. तेवढ्यात हेडबाई गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारख्या मागे गेल्या आणि तितक्याच वेगाने परत आल्या. धाड!

"अहो, थांबवा हे!"

मॅडम धावल्या आणि तेलावरून सरकत थेट माझ्या यंत्राच्या पायाशी येऊन बसल्या. त्यांना सावरायला मी उतरलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. "बाबा!" म्हणत मुलगी धावली. तिचं 'बा' उभ्याने झालं, दुसरं आडव्याने.

"हे तेल कुठून आलं?" मॅडमनी विचारलं.

माझा खिसा तेवढा ठिबकत होता.

"काका!"

"पण आवाज गेला की नाही?"

"या रुळांना तेल नाही देत, काका! कोरड्या फडक्याने पुसतात! चाकं बदलायला माणूस येणार होता!"

"लिफ्टवाले," गादीला मिठी मारून हेडबाई म्हणाल्या, "मला कितव्या मजल्यावर सोडणार होता?"

मुलगी हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी जमिनीवर, समोर ती, आणि धरण्यासारखी एकही वस्तू जागेवर राहात नव्हती. परीक्षा सुरू झाली होती! मी तेलकट मोजे काढून फेकले. बेंबी होती नव्हती तेवढी आत ओढली. कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो, एक पाय पुढे घेतला, बरगड्यांत श्वास भरला... आणि उठलो!

"बाबा! उठलात तुम्ही!"

"मग? मी माझ्या घरी राहू ना?"

"राहा, राहा! आधी मला उठवा!"

मी रुबाबात वाकलो, तिचा हात धरला आणि ओढला. माझ्या पाठीत कट्ट झालं. हेडबाईंनासुद्धा ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "बरं वाटलं की या, काका. खिसे तपासून आत घेईन."

मुलीने शब्द पाळला. मी माझ्याच घरात आहे. फक्त मला पलंगावरून उठवेना, म्हणून तीच इकडे राहायला आलीय. पाठ बरी होईपर्यंत. चहात साखर कमी घालते, टीव्हीचा आवाज कमी करते, ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की सगळ्या खोल्यांतून बोलत फिरते. मीही उलट बोलतो. बऱ्याच महिन्यांनी या घरात भांडण होतंय.

जावई रोज संध्याकाळी फोन करतात.

"बाबा, पाठ कशी आहे?" बिचाऱ्यांचा आवाज रडवेला असतो.

"अजून जरा धरलीय," मी कण्हत सांगतो.

सुटली परवाच. पण तुम्ही बोलू नका कुठे!