आधीचा फोटो

हिवरधरा गावातल्या भीमनगर वस्तीतून तामसीच्या सडकेपर्यंत जाणारा रस्ता लोकांनी शासनाला न विचारता दुरुस्त केला, ही गंभीर बाब १९९९ सालच्या जून महिन्यात उघडकीस आली. उघडकीस आणणारा मीच होतो.

रस्ता म्हणजे तीनशे पावलांची काळी माती. पावसाळ्यात तिच्यात चप्पल रुतली की चप्पल विसरायची आणि पाय तेवढा परत मिळवायचा. म्हणून त्या उन्हाळ्यात पंचफुलानं वस्तीतल्या दहा-बारा बाया गोळा केल्या, माळावरचा मुरूम खणला आणि चार रविवारांत टोपल्यांनी वाहून रस्त्यावर पसरला. पंचफुला ही माझ्या मायची शेजारीण. शाळा तिनं सारवण्यापुरतीच पाहिलेली. त्यामुळे तिनं आराखडा केला नाही, ठराव घेतला नाही, नारळ फोडला नाही. मुरूम टाकला, पाणी मारलं, ठोकून बसवला आणि घरी जाऊन भाकरी थापल्या.

मी याच वस्तीतला. शिकलो, मास्तर झालो, आदिलाबादला भाड्याच्या घरात राहायला गेलो. माय, रुक्माबाई, वस्तीतच राहिली. आमचा जिल्हा आंध्रात, म्हणजे वस्ती मराठी बोलते आणि सरकार तेलुगू. मला दोन्ही येतात, एवढ्या गुन्ह्याबद्दल ‘वस्तीसुधार लोकसहभाग पंधरवड्या’त माझी प्रेरक म्हणून नेमणूक झाली. प्रेरकाचं काम लोकांना सहभागाची प्रेरणा देणं. प्रेरणेचा नमुना मंडल ऑफिसातून, म्हणजे आमच्याकडच्या तालुका कचेरीतून, छापून येत असे. खाली सही करायची.

पहिल्या सभेला नोडल अधिकारी राजलिंगम सार जीपमधून आले. सोबत रांगोळीच्या सहा पिशव्या होत्या. लोकांनी आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः जमिनीवर काढायचा, म्हणजे त्यांना आपली वस्ती कुठं आहे ते कळतं, अशी पद्धत होती. सार तेलुगूत बोलत, मी मराठीत सांगत असे.

“तुमच्या समस्या तुम्हीच ओळखा,” मी सांगितलं.

“रस्त्याची होती,” पंचफुला म्हणाली. “मिटली.”

ते मी तेलुगूत सांगून टाकलं. सारांनी नमुना पाहिला. मिटलेल्या समस्येला त्यात रकाना नव्हता. दुसरी समस्या सांगा, असं त्यांनी सुचवलं. म्हातारे देवाजी बसल्या जागेवरून म्हणाले, “दुसरी समस्या दोन घंट्यापासून उनात बसवून राह्यली.”

“काय म्हणतात?” सारांनी विचारलं.

“पाण्याची म्हणतात,” मी म्हणालो.

मग सार मला घेऊन रस्ता पाहायला गेले. बुटाची टाच आपटून त्यांनी मुरूम तपासला. काम चांगलं होतं, आणि त्यामुळेच त्यांना वाईट वाटलं. ते मला समजावू लागले. लोकांनी मातीकाम केलं तर शासन वर खडी टाकतं, नाल्यावर मोरी बांधतं, अशी या पंधरवड्यात तरतूद होती. पण मातीकाम लोकसहभागातून झालं पाहिजे. इथं ते नुसतं लोकांनी केलं होतं. सहभाग शाबीत व्हायला तीन फोटो लागतात. एक आधीचा, एक काम चालू असतानाचा आणि एक नंतरचा. आमच्याकडे फक्त नंतरचा रस्ता होता.

“आधीचा फोटो घेतला नाही?”

“वस्तीत कॅमेरा नाही, सार.”

“मग आधीचा रस्ता दाखवा.”

मी म्हणालो, तो या मुरमाखाली आहे. सार थोडा वेळ खाली पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी प्रेरक म्हणून ओळखायला हवा होता.

दुसऱ्या सभेत मी तो प्रस्ताव मांडला. मुरूम काढून बाजूला रचायचा. आधीचा फोटो घ्यायचा. मग जिल्ह्याचे मोठे साहेब येतील, पहिली टोपली टाकतील, त्यांच्या उपस्थितीत तोच मुरूम पुन्हा टाकायचा. वर खडी, मोरी. मी हे असं सांगितलं की मला स्वतःलाच ते पटलं.

पंचफुला उभी राहिली. “टाकलेला मुरूम काढाचा? काऊन?”

“टाकण्यासाठी,” मी म्हणालो.

“गुरुजी, तुमची तब्येत बरी हाय ना?”

“पंचफुला, डोकं लावू नको. पक्का रस्ता मिळून राह्यला आपल्याला. नियम हाय तो.”

“थो नियम कधी आला व्हता का या चिखलातून?”

सारांनी विचारलं, बाई काय म्हणतात? मी म्हणालो, बाई उत्साही आहेत. त्यांनी हात वर करून संमती द्यायला सांगितली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. आमच्याकडे फोटो म्हटलं की लोक हलत नाहीत. कोणाचे हात वर होते, कोणाचे अर्धे. दोन बायांनी डोक्यावरचा पदर सावरण्यासाठी हात उचलले होते, तेही मोजले गेले. पंचफुलाचे दोन्ही हात कमरेवर होते. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

चार रविवारांचं काम एका दिवसात उलटलं. मोडायला लोकांचा सहभाग भरपूर मिळाला, कारण त्याला मंजुरी होती. जे पुरुष चार रविवार पारावर बसून होते तेही कुदळी घेऊन आले. खाली काळी माती दिसू लागली. सारांनी ती तीन बाजूंनी टिपली, मग म्हणाले की रस्ता पुरेसा वाईट दिसत नाही. तेव्हा दोन घागरी पाणी ओतलं. तो फोटो छान आला. मी पाहिला आहे.

मोठ्या साहेबांची तारीख ठरली. मग त्यांना बेल्लमपल्लीला जावं लागलं. दुसरी तारीख ठरली, त्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. पंधरवड्याला मुदतवाढ मिळाली, पण तिसरी तारीख ठरेपर्यंत पाऊस लागला. मी मंडल ऑफिसात विचारलं, लोक मुरूम टाकू लागले तर चालेल का? उत्तर लेखी आलं: आधीचा फोटो घेतल्यावर आणि कामाचा फोटो घेण्यापूर्वी स्थळाच्या स्थितीत बदल करू नये. मी ते पत्र पंचफुलाला वाचून दाखवलं.

“मंग गुरुजी, पावसाले पण वाचून दाखवा,” ती म्हणाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माय दवाखान्याच्या बससाठी सकाळी निघाली. डोळ्यांचा नंबर काढायचा होता. वस्तीतून साठ-सत्तर पावलं आली असेल, पाय सरकला आणि ती खुब्यावर पडली. मी त्या दिवशी तिला न्यायलाच आलो होतो आणि सडकेवर उभा होतो. चिखलात शिरलो असतो, पण पायांत नवे बूट होते. बूट काढायला वेळ लागला. माझ्या आधी पंचफुला तिच्यापर्यंत पोचली.

बैलगाडी आणली ती आसापर्यंत रुतली. शेवटी देवाजींच्या घरची खाट आणली. मायला वर घेतलं, चार खुरांना आठ माणसं लागली. पुढच्या उजव्या खुराला मी, माझ्यामागे पंचफुला. प्रत्येक पावलाला खाट हिंदकळे आणि माय ओरडे. मग तिनं ओरडणं सोडून दिलं, पदर दातांत धरला.

सडकेवर जीप थांबली. राजलिंगम सार चौथी तारीख कळवायला आले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. चिखलात घोटे बुडालेली आठ माणसं, बाया आणि पुरुष मिळून, खांद्याला खांदा लावून एकच ओझं नेत आहेत. सगळ्या पंधरवड्यात त्यांना असं काही दिसलं नव्हतं.

“एक मिनट!” ते ओरडले. “तसेच थांबा!”

आणि आम्ही थांबलो. म्हणजे मी थांबलो, आणि पुढचा थांबला की खाट थांबते. मागून पंचफुला म्हणाली, “चाला न गुरुजी, माय हाय तुमची!” मी ऐकलं. पण सरकारी माणसानं थांब म्हटलं की माझे पाय आपोआप थांबतात, चोवीस वर्षांची नोकरी आहे. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. सारांचं एका फोटोनं समाधान झालं नाही. दुसऱ्या फोटोत मी थोडा हसलो आहे.

जीपमधूनच मायला आदिलाबादला नेलं, हे सारांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. खुबा मोडला होता. या वयात जुळणार नाही, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माय अंथरुणावर आहे.

फोटो मात्र जुळला. आधीचा होताच, कामाचा मिळाला, नंतरचा कोणी मागितला नाही. जिल्ह्याच्या पुस्तिकेत तो पानभर छापला गेला. खाली ओळ होती: ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त लोकसहभाग, हिवरधरा.’ मला प्रशस्तिपत्र मिळालं. खडीचं विचारलं तेव्हा सार म्हणाले, पंधरवडा संपला. पुढच्या पंधरवड्यात नवा अर्ज करा, पण आधीचा फोटो नवीन लागेल.

मी पुस्तिका मायला दाखवली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली.

“याच्यात मी कुठं हाव?”

“खाटेवर, माय.”

“तोंड नाई दिसत माहं.”

“पाय दिसतात.”

“हाव,” माय म्हणाली. “पाय बरे आले.” आणि तिनं पुस्तिका पालथी ठेवली.

पुढच्या रविवारी मी वस्तीत गेलो. मुरमाचे ढीग पावसानं अर्धे वाहून गेले होते, त्यामुळे बाया पुन्हा माळावरून आणत होत्या. पंचफुला पुढं होती. रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस पुरुष उभे होते आणि मुरूम किती जाड असावा यावर चर्चा करत होते. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

पंचफुलानं टोपलं उतरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

“पंचफुला,” मी म्हणालो, “फार अन्याय झाला. मी गप्प बसणार नाही. मी याच्यावर लिहिणार आहे.”

तिनं कपाळाचा घाम पुसला. चिडली नव्हती, थकलीही नव्हती. लहान पोराला समजवावं तशी ती म्हणाली, “लिवा ना गुरुजी. तुमी लिवा, शिकले-सवरले लोक बसून वाचतीन, दोन घडी हासतीन. मुरूम आमी टाकून घेतो.”