रामफळाला दिलेली धमकी

नगरच्या आपल्या घरामागच्या परसात पीरमहंमदने एकही झाड फुकटचं पाणी प्यायला ठेवलं नव्हतं. शेवगा आमटीला शेंगा देई, कडुलिंब दातणाला काड्या, मेंदी ईदला पानं. फक्त रामफळ सात वर्षं नुसतंच उंच होत होतं! त्याचं बी पीरमहंमदने कोल्हारहून खिशातून आणलेलं, त्यामुळे त्याचा जीव नेमका याच झाडावर.

"यंदा फळ घेतोच!" त्याने शेजारच्या सूर्यभानला ठणकावलं. उपाय जुनाच होता. न फळणाऱ्या झाडावर कुऱ्हाड उगारायची, "तोडतो तुला!" म्हणायचं. दुसऱ्याने धावत येऊन हात धरायचा, "राहू द्या, पुढल्या साली फळेल!" झाड धास्तावतं आणि फळतं.

"पन हात धरनार कोन?"

"बिबीजान! तिला सांगितलेलंच नाही. शिकवलेली दया झाडाला कळते. बावीस वर्षांचा संसार आहे, धावतच येईल बघ!"

सकाळी त्याने कुऱ्हाड उगारली. "तोडतो तुला!"

बिबीजान खरोखरच धावत आली.

"तोडा!" ती म्हणाली. "लढाईपायी रॉकेल न्हाई, जळन न्हाई. आन माज्या पापडांना ऊनबी मिळंल!"

कुऱ्हाड हवेतच राहिली. पीरमहंमदने डोळा मिचकावला.

"डोळ्यात काय गेलं?"

कुंपणावरून सूर्यभानची बायको छबूबाई डोकावली. ही तरी वाचवेल!

"डहाळ्या मला ठेवा हां भाबी, आंगुळीच्या पान्याला!"

मागून सूर्यभान आला. पीरमहंमदने केविलवाण्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

"मी न्हाई बोलनार," सूर्यभान गंभीरपणे म्हणाला. "शिकवलेली दया झाडाला कळती!"

हात भरून आले. पीरमहंमदला रडूच फुटलं. कुऱ्हाड टाकून त्याने खोडाला मिठी मारली. "राहू द्या हो! पुढल्या साली फळेल!"

"आता गं बया! मग तोडत कोन हुतं?" बिबीजानने विचारलं.

"मीच!"

सूर्यभानने सगळा उपाय उलगडून सांगितला तेव्हा दोघी बायका कुंपणाला धरून हसल्या. झाड मात्र वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पीरमहंमद त्याच रामफळाखाली पाय पसरून पडला होता. बिबीजान केरसुणी उगारून आली.

"बावीस वर्सं नुसती जागा अडवलीया! काढूनच टाकते तुमाला!"

कुंपणापलीकडून छबूबाई धावली. "ऱ्हाऊ द्या भाबी! पुढल्या साली हुतील कायतरी कामाचे!"