उसवलेली खुर्ची

सोफेवाल्या काकांनी मुलीला सकाळीच फोनवर बजावलं होतं, "संध्याकाळी ये आणि तुझं हे ध्यान घेऊन जा." ध्यान म्हणजे मांजरीचं पिल्लू. आई गेल्यापासून बाबा कुणाशी धड बोलेनासे झाले, म्हणून मुलीने बेवारस प्राण्यांच्या आश्रमातून ते आणून दुकानात सोडलं होतं. काकांना कुणाचीच सोबत नको होती. पिल्लाला मात्र काका फारच हवे होते. ते त्यांच्या खांद्यावर चढून कान चाटायचं, सुतळीचं टोक तोंडात धरून दुकानभर हुंदडायचं आणि काका ओरडले की कौतुक झाल्यासारखं पायाला अंग घासायचं.

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा नवं कापड चढवून टेम्पोत गेला, आणि दुकान एकदम गप्प झालं. काकांनी हाका मारल्या. ताग्यांमागे पाहिलं, फळीखाली वाकून पाहिलं. पिल्लाचा पत्ता नाही. मग त्यांना एकदम आठवलं. सोफ्याची पाठ शिवून बंद करताना आत काहीतरी हललं होतं, आणि स्प्रिंग असेल म्हणून त्यांनी वरून एक चापट मारली होती!

काका अनवाणीच धावत सुटले. टेम्पो चौकातल्या सिग्नलला सापडला.

"उतरव सोफा!"

"इथं? काका, मागे गाड्या बघा की!"

"अरे, आत जीव आहे!"

टेम्पोवाला पांढराफटक पडला. "कुणाचा?"

रस्त्याच्या कडेला काकांनी नव्याकोऱ्या सोफ्याची पाठ टराटरा उसवली. बघ्यांची गर्दी झाली. आतून कापूस निघाला आणि काकांचा महिनाभर हरवलेला चष्मा निघाला, पण पिल्लू नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो काका, पाहुणे येऊन बसलेत!"

"कशावर?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

फाटका सोफा घेऊन दोघं दुकानात परतले, तर कोपऱ्यातून बारीक आवाज आला. तिथे काकूंची खुर्ची होती. आतलं सगळं काम काकांचं आणि पाठीमागची शेवटची शिवण काकूंची, अशी त्या दोघांची जन्मभराची वाटणी. आजारपणात काकूंनी हट्टाने घातलेली शेवटची शिवण या खुर्चीची होती. तेव्हापासून काका तिच्यावर कुणाला बसू देत नव्हते, स्वतःही बसत नव्हते. पिल्लू बैठकीच्या फटीतून आत शिरलं होतं आणि पाठीच्या पट्ट्यांत अडकलं होतं.

"कापड कापा ना सरळ," टेम्पोवाला म्हणाला.

"आणि पातं त्यालाच लागलं तर? शिवणच उसवायला पाहिजे."

म्हणाले खरे, पण हात पुढे होईना. दोरा तुटू नये म्हणून त्यांनी एक टाका हलकेच सोडवला. मग आणखी एक. आतलं रडणं क्षीण होत चाललं.

"काका, आवाज बसला हो त्याचा!"

"रागावू नकोस गं," काका पुटपुटले आणि त्यांनी शिवणीत कात्री घातली.

कापसाने माखलेलं पिल्लू बाहेर आलं ते थेट खांद्यावर चढलं आणि कान चाटू लागलं. काका तिथेच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. काकूंना नेलं त्या दिवशीही ते रडले नव्हते. टेम्पोवाल्याला काय करावं कळेना, म्हणून तो उगाच कापूस गोळा करत राहिला.

संध्याकाळी मुलगी पिंजरा घेऊन आली आणि दारातच थबकली. "बाबा, आईची शिवण..."

"गेली," काका म्हणाले.

तिने पिंजरा खाली ठेवला. मग डोळे पुसून तिने सुई शोधली, दोरा ओवला. "आईसारखी नाही जमणार. पण घालते."

तेवढ्यात पिल्लाने खांद्यावरून उडी मारली, ते उसवलेल्या पाठीतून आत शिरलं आणि अंगाचं मुटकुळं करून पडलं.

काकांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"राहू दे उघडीच," ते नाक पुसत म्हणाले. "रात्री झोपायला त्याला दुसरी जागा कुठं आहे?"