विनिअरचा गणपती

विनिअर कापणं म्हणजे काय, शंकरपाळीच तर कापायची! असं मी छाती काढून म्हणाले होते.

माझी नणंद पूर्णिमा हिंजवडीला आयटीत. कर्वेनगरच्या तिच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीवरचं घड्याळ देऊ."

"घड्याळं सगळेच देतात, आई! मी विनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, रंगीत तुकडे जोडून गणपती करणार!"

"बरं. घड्याळही आणून ठेवते."

कापायला आणलेलं पहिलं पातं मी माझ्या दोन वर्षांच्या लेकीच्या, स्पृहाच्या, हाती लागू नये म्हणून इतकं नीट लपवलं, की ते अजून मलाही सापडलेलं नाही. (त्या धास्तीने मी रोज डाळ तीनदा निवडते.) दुसरं आणलं. जोर लावून कापलं, तर विनिअर उभं चिरलं! मग माझा नवरा गंधार याने ऑफिसातून नेटवरची पानं छापून आणली. चित्र विनिअरवर उतरवा, वरून कागदी चिकटपट्टी लावा, हलक्या हाताने पुन्हापुन्हा पातं फिरवा.

कागदी पट्टी कुठली घरात? खोक्यांची खाकी टेप लावली. काय सुरेख कापलं गेलं म्हणून सांगू! कडा अगदी लोण्यासारख्या! मग टेप ओढली. पार्लरमध्ये वॅक्सिंग करतात ना, तस्सं! विनिअरची सालं टेपबरोबर निघून आली, गणपतीला खुरटी दाढी फुटली.

पण मी हुशार! सगळे तुकडे पालथे केले. मागची बाजू गुळगुळीत, तुकडे एकमेकांत चपखल. फेव्हिकॉल लावून चिकटवून टाकले!

गंधार म्हणाला, "छान आहे. पपई ना?"

सासूबाईंनी चष्मा लावला. "सोंड उजवीकडे आहे."

"अहो आई, मी डावीच काढली होती!" म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. पालथं केलं की डावं उजवीकडे जाणारच!

"उजव्या सोंडेचा कडक असतो. सोवळं लागतं. आपली पूर्णिमा रात्रपाळीहून येऊन उभ्याउभ्या ऑम्लेट खाते."

"आता हो?"

"घड्याळ आहे."

मला रडूच आलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या.

वास्तुशांतीला पूर्णिमाने कागद फाडला. "अय्या! वहिनी, हे काय आहे?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "हत्ती."

"हत्ती?"

"हत्तीच. दिवाणखान्यात लाव. त्याला काही सोवळंबिवळं नसतं."

"हो का!" पूर्णिमा चित्र लांब धरून निरखत राहिली. "मला तर बघताक्षणी गणपतीच वाटला!"

इतक्या दिवसांत माझा गणपती ओळखणारं पहिलं माणूस! आणि मी काय म्हणाले?

"छे गं! हत्तीच तो."