हजाराव्या दिवसाचा दगड

वार्तिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कॉम्प्युटरवर एका शाळेच्या संडासाच्या टाकीचं रेखाटन करत होतो. हॉस्पिटलातली बाई अदबीनं 'पाक' लावून म्हणाली, "पाक प्रिहादी, तुमची पत्नी गेली." मी आधी फाइल सेव्ह केली. मग उठलो. लोकांना हे विचित्र वाटतं. पण एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावरून वार्तिनीनं मला एवढंच शिकवलं होतं, "प्री, आधी सेव्ह कर, मग काय बोलायचं ते बोल!"

आमच्या क्लातेन गावात माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी कबरीवर पक्का दगड बसतो. तोवर लाकडाची पाटी. साधारण साडेनऊशेवा दिवस आला तेव्हा मी ऑफिसात जाहीर केलं, "वार्तिनीच्या दगडाचं रेखाटन मीच करणार! एकतीस वर्षं पूल काढलेत, भातगिरण्या काढल्यात. दगड तो काय! चहा गार व्हायच्या आत होतो की नाही बघा!"

चहा गार झाला. त्यात माशी पडली. आणि माझ्या पडद्यावरची सगळी बटणं गायब झाली! वरची पट्टी नाही, बाजूच्या खिडक्या नाहीत. नुसता काळा पडदा, धुतलेल्या तव्यासारखा.

"काय दाबलंस?" पलीकडच्या टेबलावरून कुंचोरोनं विचारलं. तो माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच जुना.

"काही नाही."

"काही न दाबता बटणं पळतात होय? कोंबड्या आहेत का त्या?"

आम्ही कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. तवा तसाच. आधी हे व्हायचं तेव्हा वार्तिनी डावीकडून वाकायची, दोन बोटं टेकवायची आणि सगळं परत यायचं. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणायची, "तुझ्या लक्षात राहणार नाही."

राहिलं नव्हतंच. पण कुंचोरोला तिचा हात आठवत होता. तो तिच्या खुर्चीत बसला, तिच्यासारखा वाकला. "करंगळी इथं, खाली कोपऱ्यात असायची. आणि दुसरं बोट पार वर, उजवीकडे."

"नऊवर?"

नऊ दाबलं. काही नाही. आठ दाबलं. भलतंच काहीतरी उघडलं. शून्य दाबलं. बटणं परत आली!

दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर इतका फुगलो की उरलेलं चित्र एका बैठकीत संपवलं. नाव बरोबर मध्यावर यावं म्हणून मापाच्या खुणा आखल्या आणि त्यांच्यामध्ये, चित्राच्या त्याच थरावर, म्हणजे लेयरवर, तिचं नाव लिहिलं. खाली तशाच दोन तारखा. कोपऱ्यात आमच्या ऑफिसची नेहमीची छोटी चौकट, 'रेखाटन' आणि 'तपासणी'. ती आपोआपच येते.

"तपासून देऊ?" कुंचोरो म्हणाला.

"बायकोच्या दगडाला तपासणी कसली?" असं म्हणून मी पीडीएफ काढली आणि तुलुंगआगुंगच्या संगमरवरवाल्याला, पाक जुमादींना, पाठवून दिली. उघडून पाहिली नाही. पडद्यावर तर सगळं छान दिसत होतं!

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "पाक, क्लातेनच्या दगडाचं विचारायचं होतं. मध्ये अगदी साधंच ठेवायचं ना?"

"साधंच! नक्षीबिक्षी काही नको."

"आणि कोपऱ्यातलं?"

"कागदावर आहे ते सगळं करा. एक रेघ कमी नको, एक जास्त नको!"

"बरं बुवा," ते म्हणाले. फार समंजस माणूस वाटला.

हजाराव्या दिवशी सकाळी दगड आला. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी बसवायचा होता. कबरीपाशी प्रार्थना सांगणारे मोदिन आले, शेजारी आले. माझी थोरली मेहुणी, यू लास्मी, तांदळाच्या गोड अपेमची टोपली कडेवर घेऊन उभी राहिली. पाक जुमादींनी स्वतः पोतं सोडलं.

पांढरा, गुळगुळीत, कडा अशा की पट्टी लावून बघावी. आणि मध्ये काहीही नाही! कोपऱ्यात मात्र सुबक अक्षरांत कोरलेलं, 'रेखाटन: प्रिहादी'. त्याखाली 'तपासणी', आणि पुढे रिकामा चौकोन.

मोदिन खाकरले. "पाक प्रिहादी, आज प्रार्थना नक्की कुणासाठी करायची?"

"जिवंत माणसाचं नाव दगडावर आणि माझ्या बहिणीचा पत्ताच नाही!" यू लास्मी ओरडली. "प्री, तुला एवढी घाई असेल तर बाजूला जागा आहे!"

पाक जुमादी माझ्याकडे भूत पाहिल्यासारखे बघत होते. "मला वाटलं, गेलेल्या माणसाचं नाव प्रिहादी. फोनवर त्यांचे कुणी नातेवाईक बोलतायत म्हणून..."

मी शपथेवर सांगितलं की नाव लिहिलं होतं. पाठवलेला कागद त्यांनी खिशातून काढला. त्यावरही नव्हतं.

कुंचोरोनं मला बाजूला ओढलं. "नाव कुठल्या लेयरवर लिहिलंस?"

"मापाच्या खुणांच्या. तिथंच तर मध्य सापडत होता."

"अरे, ती लेयर पडद्यावर दिसते, कागदावर कधीच येत नाही! तू हे दर वेळी करायचास. नाल्याची नावं, खांबांचे नंबर, सगळं त्याच लेयरवर लिहून मोकळा व्हायचास."

"मग इतकी वर्षं माझी चित्रं बरोबर कशी जायची?"

"तपासणीला कोण बसायचं?"

मी दगडावरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत वार्तिनी त्याबद्दल एकदाही बोलली नव्हती.

प्रार्थना झाली. यू लास्मीनं गुलाबाच्या पाकळ्यांचा ढीग नेमका माझ्या नावावर ओतला, तरी 'प्रि' दिसतच होतं. अपेम चांगले झाले होते. घरी जाताना मोदिननी मला माझी तब्येत विचारली.

पाक जुमादी पुढच्या आठवड्यात येऊन माझं नाव घासून काढणार आहेत. वार्तिनीचं नाव कोरायचं राहिलंय. त्याचं नवं रेखाटन मी केलंय, सेव्हही केलंय. तपासायचं राहिलंय.